उसना ठेका आणि स्वतःचा 'मी' : रॅपमधील मौलिकतेचा नैतिक प्रश्न

१

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे, धुळे तालुक्यातले गाव. किल्ला आणि तांब्यापितळेची भांडी या दोन गोष्टींमुळे खानदेशात त्याचे नाव आहे. या गावातला एक तरुण आपण विवेचनाच्या सोयीसाठी कल्पू. त्याला रॅपर व्हायचे आहे. परदेशातल्या कोण्या अनोळखी संगीतकाराने तयार करून इंटरनेटवर विनामूल्य ठेवलेला ठेका, ज्याला ही मुले 'बीट' म्हणतात, त्याने मोबाइलवर उतरवून घेतला आहे. शब्दफेकीची लय, म्हणजे 'फ्लो', तो मुंबई-पुण्याच्या रॅपरांना ऐकून शिकला आहे. हातवारे अमेरिकन चित्रफितींतून आले आहेत. शब्द काही अहिराणी आहेत, काही हिंदी. हे सगळे जुळवून त्याने एक गाणे ध्वनिमुद्रित केले आणि मित्रांना सांगितले, 'हे माझे स्वतःचे आहे.' त्यावर एक मित्र म्हणाला, 'यामा तुनं काय शे?' यात तुझे काय आहे?

प्रस्तुत लेख या मित्राच्या प्रश्नासंबंधी आहे. वरवर पाहता तो वाङ्मयचौर्याचा, म्हणजे मालकीचा प्रश्न वाटतो. आपल्या समीक्षेला परिचित असलेल्या भाषेत तो प्रभाव आणि अनुकरण यांचा प्रश्न ठरेल. या दोन्ही मांडण्या अपुऱ्या आहेत, असे येथे सुचवायचे आहे. उमेदवार रॅपरच्या संदर्भात मौलिकता हे प्रथमतः नैतिक मूल्य आहे. सौंदर्यमूल्य म्हणून तिचा विचार त्यानंतर येतो.

आरंभी शब्दांकडे पाहू. ज्याला आपण मौलिकता म्हणतो त्यासाठी मराठीत निदान चार शब्द वावरतात : मौलिक, अस्सल, स्वतंत्र आणि नवे. 'मौलिक'मध्ये मूळ आहे. अरबीतून आलेल्या 'अस्सल'चाही अर्थ मूळ असाच. 'स्वतंत्र' हा शब्द आपण भाषांतरित आणि रूपांतरित यांच्या विरोधात वापरत आलो. 'नवे' हा मात्र वेगळ्या कुळातला शब्द आहे. मुळाशी जाणे आणि पूर्वी नव्हते ते करणे या दोन भिन्न, कित्येकदा विरोधी क्रिया आहेत. तरीही मौलिकतेची चर्चा करताना आपण त्यांची सर्रास गल्लत करतो.

'अस्सल'चा जोडीदार 'नक्कल' हा शब्द तर अधिक विचारात घेण्याजोगा आहे. साहित्यात तो दोषवाचक असला तरी कचेरीत तसा नाही. जमिनीच्या कागदाची 'खरी नक्कल' तेथे ग्राह्य धरली जाते. ती ग्राह्य का? ती स्वतःला नक्कल म्हणवते आणि ती देणाऱ्याची तिच्यावर सही असते म्हणून. नकलेचा दोष तिच्या नक्कल असण्यात नाही, तर अस्सल म्हणून मिरवण्यात आहे, एवढी समज कचेरीच्या व्यवहारभाषेत मुरलेली आहे. ती साहित्यविचारात आणता येईल काय, हे पाहायचे आहे.

२

रॅपच्या स्वतःच्या इतिहासात हा प्रश्न पहिल्यापासून उभा आहे. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या तरुणाने आपल्या बहिणीने भरवलेल्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. हिप हॉपचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते. हर्कने नवी सुरावट रचली नाही. दुसऱ्यांच्या तबकड्यांमधला केवळ तालवाद्यांचा छोटा तुकडा दोन यंत्रांवर आलटून पालटून वाजवून त्याने तो लांबवला. म्हणजे या कलेचा पाया उसनवारीवर उभा आहे. उसने घेणे वगळले तर तिथे काहीच उरत नाही.

असे असूनही याच समूहात चोरीचा नियम अत्यंत कडक होता. दुसऱ्याचे शब्द वा शैली उचलण्याला तेथे 'बाइटिंग', म्हणजे चावा घेणे, म्हणत आणि तो मोठा कलंक समजला जाई. १९७९ साली शुगरहिल गँग या गटाचे 'रॅपर्स डिलाइट' हे गाणे आले आणि रॅप प्रथमच दूरवर पोहोचले. त्या गाण्यातला वाद्यमेळ 'शिक' या गटाच्या त्याच वर्षीच्या 'गुड टाइम्स'वरून घेतलेला होता. गटातल्या बिग बँक हँक याने म्हटलेल्या ओळींपैकी बऱ्याच ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधल्या रॅपरच्या वहीतल्या होत्या. कॅझने स्वतःच्या नावाची अक्षरे गुंफून रचलेला भागही हँकने तसाच म्हटला. अशा रीतीने एका माणसाच्या मुखातून दुसऱ्याचे नाव 'मी' म्हणून उच्चारले गेले.

या एकाच गाण्यात दोन उसनवाऱ्या आहेत आणि त्यांना मिळालेली वागणूक परस्परविरोधी आहे. वाद्यमेळाच्या उसनवारीबद्दल कायद्याने जाब विचारला. 'शिक'च्या रचनाकारांना पुढे श्रेय मिळाले. रॅपरांच्या समूहाच्या लेखी मात्र तो अपराध नव्हता. याउलट कॅझला ना श्रेय मिळाले ना मोबदला, आणि समूहाच्या स्मृतीत हाच अन्याय आजतागायत सलत राहिला. पुढे १९९१ साली बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्यात न्यायाधीशांनी चोरी न करण्याच्या बायबलमधील आज्ञेनेच निकालाचा आरंभ केला. तिथेही विषय होता ध्वनिमुद्रणाच्या तुकड्याचा. कायदा वस्तूची मालकी पाहतो. समूह पाहतो तो 'मी' कोणाचा आहे, हे. आपल्या विवेचनाची दिशा या दुसऱ्या दृष्टीने ठरते.

३

वाद्यमेळ उसना चालेल, 'मी' उसना चालणार नाही : हा भेद केवळ ब्राँक्सपुरता आहे काय? आपल्या काव्यशास्त्राने असा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांमधील साम्याला 'संवाद' म्हटले आणि त्याचे तीन प्रकार केले : आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि समान देह असलेल्या दोन व्यक्तींसारखे. पहिल्यात स्वतःचा आत्मा नसतो. दुसऱ्यात तो क्षीण असतो. म्हणून हे दोन्ही त्याज्य. तिसऱ्या प्रकारातले साम्य मात्र कवीने टाळण्याचे कारण नाही, कारण दोन माणसे दिसायला सारखी असली तरी त्यांचे आत्मे वेगळे असतात. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त हरणाची सविस्तर चिकित्सा करताना आणखी एक प्रकार सांगितला : परपुरप्रवेश, म्हणजे दुसऱ्याच्या देहात शिरणे. येथे मूळ एकच असते, पण मांडणी फार निराळी. कवी हाही एका अर्थी चोरच, हे राजशेखराने संकोच न करता मान्य केले आहे.

या परंपरेने साम्य मोजताना देह आणि आत्मा वेगळे धरले. रॅपरांच्या समूहाने ठेका आणि 'मी' वेगळे धरले. दोन्हींमधला भेदही ध्यानात ठेवायला हवा. आनंदवर्धनाचा आत्मा काव्याचा आहे, कवीचा नव्हे. रॅपमध्ये मात्र आत्मा कवीचाही मागितला जातो.

आपल्या मौखिक परंपरा या दृष्टीने रॅपच्या अधिक जवळ आहेत. शाहिरी रचनेत दुसऱ्याची चाल घेणे हा दोष कधीच नव्हता. कोणत्या चालीवर म्हणायचे हे रचनेच्या माथ्यावर लिहिलेले असे. आंबेडकरी जलशांनी आणि पुढच्या गायनपार्ट्यांनी लोकप्रिय चालींवर नवा आशय बेतला, तेव्हा कोणी त्यांना नकलाकार म्हटले नाही. कलगी-तुऱ्याचे उदाहरण तर विशेष बोलके आहे. शक्तीचा पक्ष घेणारी कलगी आणि शिवाचा पक्ष घेणारा तुरा यांच्यातल्या सवालजबाबात छंद समान, चाली समान, पुराणांचा साठाही समान असे. वेगळेपण दिसे ते समोरून आलेल्या कूटाला उभ्या जागी उत्तर देण्यात. पाठ केलेले दुसऱ्याचे उत्तर तेथे फार काळ पुरत नसे, कारण पुढचा प्रश्न पाठांतराबाहेरचा येई. मौलिकतेची परीक्षा उत्तर देण्याच्या क्षमतेत घेतली जाई.

संतकाव्यातल्या नाममुद्रेचे उदाहरण याच्या उलट्या टोकाचे आहे. अनाम रचनाकारांनी आपले अभंग तुकोबांच्या किंवा नामदेवांच्या मुद्रेने लिहिले. हँकने दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून म्हटले; या कवींनी आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर सोडले. पाठचिकित्सकाला दोन्हींचा सारखाच त्रास होतो, परंतु नैतिकदृष्ट्या त्यांना एका मापाने मोजता येत नाही. पहिल्या कृतीत 'मी' फुगतो, दुसरीत तो विरघळतो.

४

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. काव्यातला 'मी' आणि कवी यांची फारकत करणे ही आधुनिक समीक्षेची मोठी मिळकत आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यानंतर, रॅपरच्या 'मी'मागे खरा माणूस शोधणे हे चरित्रात्मक समीक्षेच्या जुन्या चुकीकडे परतणे नव्हे काय? आपल्या होनाजी बाळा, रामजोशी यांच्यासारख्या पुरुष शाहिरांनी स्त्रीच्या 'मी'ने लावण्या रचल्या. त्यांना कोणी खोटे म्हटले नाही.

या आक्षेपाचे उत्तर संकेताच्या कल्पनेत आहे. लावणीतला 'मी' शाहिराचा नाही, हे रचणाऱ्याला ठाऊक होते आणि ऐकणाऱ्यालाही. दोघांमध्ये तसा करार होता, म्हणून फसवणूक नव्हती. असत्य हे विधान आणि वस्तुस्थिती यांच्या विसंगतीतून आपोआप निर्माण होत नाही. ऐकणाऱ्याला दिलेला शब्द मोडण्यातून ते निर्माण होते. रॅपने श्रोत्याला वेगळा शब्द दिलेला आहे : जो बोलतो आहे त्यानेच हे रचले आहे आणि आपल्या आयुष्याच्या बळावर तो बोलतो आहे. या करारामुळेच दुसऱ्याकडून लिहून घेणे हे चित्रपटगीतात सर्वमान्य असूनही रॅपमध्ये लाजिरवाणे ठरते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झालेल्या 'गली बॉय' या झोया अख्तर यांच्या चित्रपटात नायक आधी आपले शब्द दुसऱ्या रॅपरने म्हणावेत असे सुचवतो आणि तो रॅपर ते नाकारून त्यालाच उभे राहायला लावतो. चित्रपटाचा सगळा नीतिविचार त्या नकारात आहे. प्रत्यक्षात मात्र नायकाची काही रॅपगीते इतरांनी लिहिली आणि अभिनेत्याने म्हटली. यात कोणाला विसंगती जाणवली नाही, कारण चित्रपटाचा संकेत निराळा आहे.

पण या करारातच एक सापळा दडलेला आहे. 'आपले जगणे सांग' ही मागणी जेव्हा बाजाराची मागणी होते, तेव्हा जगण्याचेही साचे पडतात. नेझी आणि डिव्हाइन या मुंबईच्या रॅपरांनी २०१४-१५च्या सुमारास आपली गल्ली गाण्यात आणली तेव्हा ती त्यांची होती. पुढे तीच गल्ली अनेकांच्या गाण्यात अलंकारासारखी येऊ लागली. सोनगीरलाही गल्ल्या आहेत. परंतु आपल्या कल्पित तरुणाच्या गाण्यातली गल्ली जर कुर्ल्याची असेल, तर त्याने शब्द चोरला नसूनही अनुभव उसना घेतला आहे. अशा वेळी अस्सलतेचाच एक नकली दागिना तयार होतो. वाङ्मयचौर्याचे कोणतेही कलम त्याला लागू होत नाही आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे.

ही गोष्ट मराठीला नवी नाही. १९६०-७०च्या दशकांत दलित साहित्याने अनुभवाच्या अस्सलतेचा आग्रह धरला आणि त्याबरोबर साचेबंदपणाचा धोकाही चर्चेत आला. याच चळवळीने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांकडून उसनवारी कशी करावी, याचाही धडा दिला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव १९६६च्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. नाव उसने होते आणि ते उसने आहे हे उघड होते. नामदेव ढसाळांच्या त्याच वर्षीच्या 'गोलपिठा'तली मुंबई मात्र कोणाकडूनही उसनी आणता आली नसती. कृष्णवर्णीय अमेरिकेची हाक ऐकून मराठीत स्वतःच्या आवाजाने ओ देता येते, याचा दाखला सोनगीरच्या तरुणाआधी अर्धे शतक उपलब्ध आहे.

५

अहिराणीत रॅप केले म्हणजे मौलिकता हाती आली, असे आता कोणी म्हणेल. देशीवादाचे विधान ढोबळपणे वाचले तर असे अनुमान निघूही शकते. भालचंद्र नेमाडे हे स्वतः खानदेशातल्या सांगवीचे. त्यांच्या मांडणीत परकीय प्रभावाचे देशीकरण हा कळीचा मुद्दा आहे. परंतु बोली हे देशीकरणाचे साधन आहे, त्याचे प्रमाणपत्र नव्हे. कुर्ल्याची गल्ली अहिराणीत सांगितल्याने सोनगीरची होत नाही. बोलीचा उपयोग वेशभूषेसारखाही करता येतो आणि इंटरनेटवरच्या गाण्यांच्या बाजारात तसा तो होतोही.

असे असले तरी बोली एक काम अटळपणे करते : ती उसन्या लयीला विरोध करते. प्रमाण मराठीत 'करतो', 'जातो' अशी क्रियापदे ओळीच्या शेवटी येतात आणि यमक 'तो'वर पडते. अहिराणीत तेथे 'करस', 'जास' असा 'स'कार येतो. 'आहे'च्या जागी आखूड 'शे' येतो. इंग्रजीच्या आघातावर घडलेला, हिंदीत रुळलेला फ्लो या शब्दांवर तसाच्या तसा बसत नाही. कुठे अक्षर उरते, कुठे मात्रा कमी पडते. उमेदवार रॅपरने ही अडचण हिंदी शब्द घालून बुजवली, तर प्रतिबिंब तयार होते. तो अडचणीपाशी थांबला आणि त्याने लयच वाकवली, तर समान देहाच्या आत दुसरा आत्मा हालचाल करू लागतो. मौलिकतेचा जन्म अनेकदा अशा अडखळण्यात असतो.

खानदेशात या संदर्भात बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) आठवण टाळता येत नाही. त्यांनी जात्यावरच्या ओवीचा घाट शोधून काढला नव्हता; तो असंख्य बायकांचा होता. अक्षरओळख नसल्याने त्यांच्या रचना मुलाने, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरी या आप्ताने उतरवून घेतल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांचा संग्रह निघाला. घाट सामाईक, लेखणी दुसऱ्याची. तरीही त्या गाण्यांतला 'मी' कोणाचा, याविषयी वाचकाला संदेह वाटत नाही. रॅपमध्ये लेखणी स्वतःचीच हवी हा दंडक जेथून येतो, त्या गाभ्याकडे हे उदाहरण बोट दाखवते. प्रश्न लेखणी कोणाच्या हातात होती हा नाही. शब्दांमागे कोण उभे आहे, हा आहे.

उमेदवारीच्या काळाबद्दलही येथे बोलले पाहिजे. घराण्याच्या गायकीत शिष्याने गुरूची हुबेहूब नक्कल केली तर ती दाद मिळवते. तांबटाच्या हाताखालचा मुलगा वर्षानुवर्षे तोच घाट ठोकत राहतो आणि त्याला कोणी अनुकरणाचा दोष देत नाही. हंडा, घागर, तांब्या यांचे घाट कोणाच्याच मालकीचे नसतात; पितळ वजनावर विकले जाते आणि खोट वजनात वा धातूत काढली जाते, घाटात नव्हे. रॅपच्या उमेदवाराला ही सवलत नाही. शिकण्याची त्याची पहिली धडपडच मोबाइलवरून प्रसिद्ध होते आणि पहिल्याच ओळीला तिच्याकडून मौलिकता मागितली जाते. जी नक्कल तालमीत शोभली असती ती प्रकाशनात चोरी ठरते. या मुलांच्या अनुकरणावर कठोर निवाडा देण्याआधी त्यांच्याकडून तालमीची खोली काढून घेतली गेली आहे, हे समीक्षकाने लक्षात घ्यायला हवे. 'मी शिकतो आहे' असे म्हणण्याचा संकेत या कलेला अजून घडवायचा आहे.

६

आतापर्यंतच्या विवेचनातून एक सूत्र निघते. मौलिकता म्हणजे उसने काही नसणे नव्हे, आणि पूर्वी कधी नव्हते ते निर्माण करणेही नव्हे. आपल्या शब्दाबद्दल उत्तर देण्यास उभे राहण्याची जी तयारी, तिला येथे मौलिकता म्हटले आहे. या तयारीची तोंडे दोन आहेत. एक ज्यांच्याकडून घेतले त्यांच्याकडे : ठेका कोणाचा, चाल कोणाची, हे सांगणे. दुसरे ज्यांच्याविषयी बोललो त्यांच्याकडे : त्यांनी 'हे असे नाही' म्हटले तर ऐकून घेणे.

दुसऱ्या तोंडाचे एक चांगले उदाहरण मुंबईतल्या 'स्वदेसी' या गटाचे आहे. २०१९ साली आरे परिसरातल्या वारली आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली, तेव्हा तिथल्या प्रकाश भोईर यांचाच आवाज तिच्यात घेतला. दुसऱ्याचा अनुभव मांडण्याचा पेच त्यांनी दुसऱ्याला जागा देऊन सोडवला. हा परपुरप्रवेश नाही. दार उघडून घरच्या माणसाला बोलू देणे आहे.

उत्तरदायित्वाला एक काळी बाजूही आहे. २०२३ साली राज मुंगसे या मराठी रॅपरवर राज्यातील राजकारणावरच्या गाण्यासाठी पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. सत्ता जेव्हा जाब विचारते तेव्हा ती ठेक्याच्या कर्त्याला शोधत नाही. 'मी' म्हणणाऱ्याला शोधते. म्हणून 'उत्तर द्यायला उभे राहा' हा उपदेश सुरक्षित अंतरावरून करणे समीक्षकाला शोभत नाही. सत्तेने मागितलेला जाब आणि श्रोत्यांनी मागितलेला जाब यांत भेद केला पाहिजे. पहिला तोंड बंद करण्यासाठी असतो. दुसरा पुढचे कडवे मागण्यासाठी असतो. कलगी-तुऱ्याचा आखाडा दुसऱ्या प्रकारचा होता. रॅपलाही तसाच आखाडा हवा, आणि तो उभा करण्याची जबाबदारी एकट्या रॅपरची नाही, ऐकणाऱ्यांचीही आहे.

सोनगीरच्या तरुणाला विचारलेल्या प्रश्नाकडे आता परत येता येईल. 'यात तुझे काय आहे?' यावर तो 'सगळे माझे' म्हणाला तर ते खोटे ठरेल आणि 'काहीच नाही' म्हणाला तर तेही. ठेका कोठून घेतला हे त्याने सांगावे, फ्लो कोणाला ऐकून शिकला हे सांगावे, आणि मग ज्या ओळीत गावाचे नाव येते ती ओळ गावच्या बाजाराच्या दिवशी, ज्यांच्याविषयी ती आहे त्यांच्यासमोर म्हणून दाखवावी. तेथे त्याची मान खाली गेली नाही, तर उसन्या ठेक्यावर त्याची सही झाली असे समजायला हरकत नाही.